देहभाव आणि तांत्रिक साधना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देहभाव, म्हणजे 'मी म्हणजे हे शरीरच' ही पकड, आणि तांत्रिक साधना या विषयांवर सांगलीत चालणाऱ्या आमच्या छोट्या अभ्यासवर्गाला सातारा, वाई, कराड, मिरज, जत अशा ठिकाणांहून पत्रे आणि व्हॉट्सॲप संदेश येत असतात. त्यांतील जे प्रश्न निरनिराळ्या माणसांनी पुन्हा पुन्हा विचारले, तेवढेच येथे घेतले आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर एका ठिकाणी सविस्तर आले असेल, तर दुसरीकडे केवळ त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ग्रंथ काय सांगतात आणि परंपरा कशी चालते एवढेच येथे सांगितले आहे. दीक्षा किंवा उपदेश म्हणून हे कोणी वाचू नये.

१. देहभाव सोडायचा म्हणजे काय करायचे? शरीराची हेळसांड करायची का?

शरीराची हेळसांड कोणत्याही तांत्रिक परंपरेला अपेक्षित नाही. आपण 'मी जाड झालो' म्हणतो, 'मला भूक लागली' म्हणतो, 'मला वाईट वाटले' म्हणतो आणि गाढ झोपेतून उठल्यावर 'मला काहीच कळले नाही' असेही म्हणतो. या चार वाक्यांतला 'मी' चार वेगळ्या गोष्टींना चिकटलेला आहे. काश्मीरच्या शैव आचार्यांनी नेमकी हीच चार ठिकाणे मोजली: देह, प्राण, पुर्यष्टक (म्हणजे मन, बुद्धी, अहंकार आणि शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध या पाच तन्मात्रा यांचे सूक्ष्म शरीर) आणि शून्य. यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी 'मी एवढाच' असे धरून बसणे, हा त्यांच्या दृष्टीने बंध आहे. त्यामुळे केवळ शरीराचा विसर पडला म्हणजे काम झाले असे होत नाही. शरीर विसरून शून्यात बसलेला साधकही त्यांच्या हिशेबात अजून अडकलेलाच असतो. वसुगुप्ताच्या नावाशी जोडल्या गेलेल्या शिवसूत्रांत 'शरीरं हविः' असे एक सूत्र आहे. ज्या चेतनेचे हे शरीर आहे, तिच्या अग्नीत त्याची आहुती द्यायची. आणि आहुतीचे द्रव्य कोणी घाण किंवा कुजके निवडत नाही.

२. सज्जनगडावर दासबोधाच्या निरूपणात 'देहबुद्धी' हा शब्द नेहमी ऐकतो. तंत्रातही तेच सांगितले आहे ना?

मुक्काम जवळचा आहे, वाट निराळी आहे. समर्थांच्या निरूपणात पिंडाचे चार आणि ब्रह्मांडाचे चार असे आठ देह मांडले जातात आणि विवेकाने त्यांचा एकेक करून निरास केला जातो. हा वेदान्ताचा मार्ग आहे आणि त्याचे मुख्य साधन श्रवण-मनन हे आहे. तंत्र क्रिया हातात घेते. बोटे, श्वास, अक्षरे, रंग, आकृती यांच्या आधाराने ते शरीर मनातल्या मनात विरवते आणि पुन्हा नव्याने उभे करते. शैव तंत्रांत पृथ्वीपासून शिवापर्यंत ३६ तत्त्वे सांगितली आहेत. अद्वैतवादी आचार्यांच्या मते ही सर्व एकाच चेतनेची रूपे असल्यामुळे पृथ्वीतत्त्वाचे बनलेले शरीरही तिच्या बाहेर नाही, आणि म्हणून त्याला 'नाही, नाही' म्हणत बाजूला सारण्याचे कारण उरत नाही.

एक खुलासा मात्र आवश्यक आहे. 'तंत्रात असे सांगितले आहे' हे वाक्यच थोडे ढिले आहे. शैवसिद्धान्ताची परंपरा द्वैती आहे. तेथे मल हे आत्म्याला चिकटलेले एक द्रव्य मानले जाते आणि ते केवळ ज्ञानाने जात नाही, त्यासाठी दीक्षेची क्रियाच लागते. उलट काश्मीरचा अद्वैती शैव आचार्य अभिनवगुप्त याच्या परंपरेत मल म्हणजे अज्ञान. त्यामुळे उत्तर कोणत्या परंपरेतून दिले जात आहे, हे आधी पाहावे लागते.

३. तंत्र म्हणजे करणी आणि जादूटोणाच ना? घरात विषय काढला तरी माणसे दचकतात.

दचकण्याला कारण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तंत्रग्रंथांत शांती, वश्य, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण अशी षट्कर्मे सांगितलेली आहेत. 'ते आमच्या तंत्रात नाहीच' असे म्हणणारे ग्रंथ न उघडता बोलतात. पण त्या ग्रंथांचा फार मोठा भाग पूजाविधी, मंत्र, मंदिरबांधणी, दीक्षा आणि मोक्षविचार यांनी व्यापलेला आहे. या पानांवर त्यांपैकी देहभावाशी संबंधित साधनांपुरतेच बोलले आहे. फसवणुकीबद्दल आणि कायद्याबद्दल प्रश्न १६ पाहावा.

४. आमच्या घरात कोणी तांत्रिक नाही. तरी यांतले काही आमच्या ओळखीचे असेल का?

बहुधा असेल, आणि ते लहानपणीच पाठ झालेले असेल. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून म्हटली जाणारी रामरक्षा आठवून पाहावी. सुरुवातीला ऋषी बुधकौशिक, छंद अनुष्टुप, शक्ती सीता आणि कीलक हनुमान असा विनियोग (स्तोत्राचे ऋषी, छंद वगैरे सांगणारा प्रारंभीचा भाग) येतो, मग ध्यान, आणि त्यानंतर 'शिरो मे राघवः पातु भालं दशरथात्मजः' येथपासून डोके, कपाळ, डोळे, कान, नाक असे करत पायांपर्यंत एकेका अवयवावर रामाचे एकेक नाव ठेवले जाते. कवच या प्रकारची ही रचना आहे आणि तिचा साचा तांत्रिक उपासनेचा आहे. स्तोत्र संपते तेव्हा म्हणणाऱ्याच्या शरीराचा असा एकही भाग उरत नाही, ज्याच्यावर दुसऱ्या कोणाचे तरी नाव लागलेले नाही. रोज म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे लोक त्या त्या अवयवाकडे लक्ष नेतात. पाठांतराचा वेग इतका असतो की डोळ्यांपासून गुडघ्यांपर्यंत माणूस एका दमात पोहोचतो. एखाद्या संध्याकाळी तेवढाच भाग सावकाश, प्रत्येक अवयवाशी क्षणभर थांबून म्हणून पाहावा. प्रश्न ६ मध्ये ज्या न्यासाविषयी, म्हणजे अवयवांवर मंत्र ठेवण्याविषयी, सांगितले आहे, त्याची कल्पना त्यावरून येते.

नवरात्रात सप्तशतीचा पाठ होत असेल, तर कवच, अर्गला, कीलक आणि नवार्ण (देवीच्या नऊ अक्षरी) मंत्राचे न्यास हेही त्याच घरातले आहेत.

५. भूतशुद्धी नेमकी कशी करतात? पूजेच्या पोथीत 'भूतशुद्धिं विधाय' एवढेच लिहिलेले असते.

देहभावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विधी हाच आहे, आणि पोथीत तो एका शब्दात उरकलेला असतो. येथे भूते म्हणजे पंचमहाभूते. पिशाच्चांशी या विधीचा संबंध नाही. पद्धतींमध्ये तपशिलाचे फरक आहेत, परंतु सर्वसाधारण क्रम असा आहे.

आसनावर बसून दिग्बंध (मंत्राने दिशा बांधून घेणे) आणि प्राणायाम झाल्यावर साधक हृदयातील जीवाला 'हंसः' या मंत्राने सुषुम्नेच्या, म्हणजे मधल्या नाडीच्या, वाटेने मस्तकाच्या वर, परमात्म्यापाशी नेऊन ठेवतो. शरीर आता मालकाविना उरले, असे धरायचे. मग त्या शरीराकडे खालून वर पाहायचे. पायांपासून गुडघ्यांपर्यंत पृथ्वी: पिवळा चौकोन, बीज (एकाक्षरी मंत्र) 'लं'. गुडघ्यांपासून नाभीपर्यंत जल: पांढरा अर्धचंद्र, बीज 'वं'. नाभीपासून हृदयापर्यंत अग्नी: लाल त्रिकोण, बीज 'रं'. हृदयापासून भुवयांपर्यंत वायू: धुरकट रंग, बीज 'यं'. भुवयांपासून ब्रह्मरंध्रापर्यंत (टाळूपर्यंत) आकाश, बीज 'हं'. पृथ्वी जलात विरते, जल अग्नीत, अग्नी वायूत, वायू आकाशात. आणि आकाश अहंकारात, अहंकार महत्तत्त्वात (बुद्धितत्त्वात), महत्तत्त्व प्रकृतीत असे मागे मागे जात सगळे मूळ कारणात लीन होते.

यानंतर पापपुरुषाचे चिंतन येते. कुशीच्या डाव्या बाजूला, अंगठ्याएवढा, काळा, महापातकांचेच ज्याचे अवयव आहेत असा एक पुरुष कल्पून 'यं' बीजाने त्याला वाळवायचे, 'रं' बीजाने जाळायचे आणि त्याची राख श्वासाबरोबर बाहेर टाकायची. पुष्कळ पद्धतींत यासाठी पूरकात (श्वास घेताना) १६, कुंभकात (धरताना) ६४ आणि रेचकात (सोडताना) ३२ अशी जपसंख्या दिलेली असते. मग 'वं' बीजाने मस्तकातून अमृताची धार उतरते, उरलेसुरले त्या धारेने भिजते, 'लं' बीजाने ते घट्ट होते, आणि विरलेली तत्त्वे उलट क्रमाने पुन्हा प्रकट होऊन नवे शरीर तयार होते. जीवाला हृदयात परत आणून 'आं ह्रीं क्रों' या बीजांनी त्या शरीरात प्राणप्रतिष्ठा केली जाते. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा सर्वांनी पाहिलेली असते. येथे मूर्ती म्हणजे पूजा करणारा स्वतः आहे.

हा खटाटोप कशासाठी, तर 'देवो भूत्वा देवं यजेत्' या नियमासाठी. आईवडिलांपासून मिळालेल्या, भूक आणि राग असलेल्या शरीराने देवाची पूजा करता येत नाही. देवाच्या जातीचेच शरीर लागते, आणि ते भावनेने घडवावे लागते. विरवण्याइतकेच घडवण्यालाही या विधीत स्थान आहे, ही गोष्ट आमच्या मते पुरेशी सांगितली जात नाही. अर्ध्यावर, राखेपाशी थांबून 'मी शरीर नाही' असे घोकत बसणे म्हणजे भूतशुद्धी नव्हे.

सावधगिरीची सूचना: ६४ संख्येचा कुंभक पुस्तकात वाचून करू नये. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गर्भारपण असताना श्वास कोंडून धरू नये. श्वास सहज चालू ठेवून केवळ भावनेने हा क्रम करता येतो आणि अनेक परंपरांत तसा तो शिकवलाही जातो.

६. न्यासात बोटे आणि हृदय, डोके, शेंडी यांना हात लावतात. ते नुसते स्पर्श करणे आहे की आणखी काही?

वाईच्या घाटावर किंवा हरिपूरच्या संगमावर एखादे वृद्ध गुरुजी न्यास करत असतील, तर एकदा त्यांच्या हातांकडे पाहत उभे राहावे. अंगठा तर्जनीच्या मुळापासून टोकापर्यंत फिरतो, मग मध्यमेवर, अनामिकेवर, करंगळीवर. शेवटी तळहात आणि हाताची पाठ एकमेकांवरून फिरतात. हा करन्यास झाला. मग तेच मंत्रखंड हृदयाला 'नमः', मस्तकाला 'स्वाहा', शेंडीला 'वषट्', दोन्ही बाहूंना कवच म्हणून 'हुम्', डोळ्यांना 'वौषट्' आणि शेवटी टाळी किंवा चुटकी वाजवून अस्त्राला 'फट्' असे लावले जातात. आधी हात मंत्रमय होतात आणि मग ते हात बाकीचे शरीर मंत्रमय करतात. म्हणून करन्यास आधी येतो. क्रम उलटा केल्यास विधीचा अर्थच हरवतो.

मातृकान्यासात वर्णमालेची पन्नास अक्षरे शरीरावर ठेवली जातात. अंतर्मातृकेत कंठाच्या सोळा दलांवर स्वर, हृदयाच्या बारा दलांवर 'क' ते 'ठ', नाभीच्या दहा दलांवर 'ड' ते 'फ', त्याखाली सहा दलांवर 'ब' ते 'ल', मूलाधाराच्या चार दलांवर 'व' ते 'स' आणि भुवयांमध्ये 'ह' व 'क्ष' येतात. तंत्राच्या मते सर्व जग शब्दातून झाले, त्यामुळे शरीराला त्याच्या मूळ द्रव्याची ओळख पटवण्याचा हा मार्ग आहे. श्रीविद्येत, म्हणजे त्रिपुरसुंदरीच्या उपासनेत, याच विचाराचे टोक गाठले जाते. भावनोपनिषदात देहालाच नवरत्नद्वीप म्हटले असून संपूर्ण श्रीचक्र (देवीचे यंत्र) शरीरातच पाहायला सांगितले आहे. अठराव्या शतकातील भास्कररायांनी त्यावर भाष्य लिहिले आहे.

७. गुरू नसताना, दीक्षा न घेता यांतले काय करता येते?

स्तोत्रे, कवचे, मानसपूजा आणि प्रश्न ८ मधील बहुतेक धारणा (लक्ष एकाग्र करण्याच्या युक्ती) करण्यास हरकत नाही. बीजमंत्रांचे पुरश्चरण (ठरावीक संख्येचा जप), श्रीविद्येतील षोडशीसारखे मंत्र आणि कुंभकासहित भूतशुद्धी या गोष्टी परंपरेने दीक्षितांसाठी राखलेल्या आहेत. दुकानांत अशा मंत्रांच्या पोथ्या सहज मिळतात. त्या मिळणे म्हणजे अधिकार मिळणे, असे परंपरा मानत नाही.

दीक्षेला एवढे महत्त्व का, हे तिचा विधी पाहिल्यावर समजते. शैवसिद्धान्ताच्या निर्वाणदीक्षेत शिष्याच्या शेंडीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एक दोरा सोडतात. त्याला पाशसूत्र म्हणतात. शिष्याला पुढे ज्या ज्या स्तरांवर जन्म घ्यावे लागले असते, ते सर्व त्या दोऱ्यावर आणून त्यांचे भोग मंत्राने तेथेच संपवले जातात आणि दोऱ्याचे तुकडे कापून अग्नीत टाकले जातात. शिष्याचे शरीर मात्र समोर तसेच बसलेले असते. चालू जन्माचे प्रारब्ध संपेपर्यंत ते राहते. देहाशी असलेले नाते तोडणे आणि देह तोडणे यांतील फरक या एका विधीत जेवढा स्पष्ट दिसतो, तेवढा तो पानेच्या पाने वाचूनही कळत नाही.

८. पूजापाठ जमत नाही, सोवळे-ओवळे पाळता येत नाही, नोकरी आहे. अशा माणसाने काय करावे?

विज्ञानभैरव हा ग्रंथ अशा माणसाला जवळचा वाटेल. भैरव आणि देवी यांच्या संवादातून तेथे ११२ धारणा आल्या आहेत आणि त्यांतील बहुतेकींना साहित्य, वेळ किंवा जागा यांची अट नाही. देहभावाशी थेट संबंध असलेल्या काही येथे सांगतो.

शरीराची कातडी ही केवळ भिंत आहे आणि आत काहीही नाही, असे चिंतन करावे, ही एक. उजव्या पायाच्या अंगठ्यातून उठलेल्या कालाग्नीने आपले शरीररूपी नगर जळून गेले आहे असे पाहावे, शेवटी शांततेचा प्रत्यय येतो, ही दुसरी. भूतशुद्धीतील दहनाशी तिचे नाते उघड आहे. झोप अजून आलेली नाही आणि बाहेरचे दिसणे-ऐकणे मात्र मावळले आहे, त्या सांध्यावर लक्ष ठेवावे, ही तिसरी. रात्रीच्या एसटीने पुण्याहून सांगलीला येणाऱ्याला तिचा सराव करायला भरपूर वाव असतो.

आमच्या मते सर्वांत कसाची आहे ती चौथी: आपल्या शरीरात जशी जाणीव आहे तशीच ती दुसऱ्याच्या शरीरातही आहे असे अनुभवावे आणि स्वतःच्या शरीराची अपेक्षा सोडावी, मग काही दिवसांतच साधक व्यापक होतो, असे ग्रंथ म्हणतो. बाजाराच्या गर्दीत, समोरच्या माणसाचा धक्का लागून राग आलेला असताना ही धारणा करून पाहावी. डोळे मिटून केलेल्या धारणांत माणूस स्वतःला फसवू शकतो. या धारणेत ते अवघड जाते.

९. चक्रे सहा की सात? आणि शवविच्छेदनात ती का सापडत नाहीत?

आज सर्वत्र दिसणारे, सहा चक्रे आणि वर सहस्रार हे चित्र मुख्यतः पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपण या १५७७ च्या बंगाली परंपरेतील ग्रंथावरून आले. जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि तेथून ते जगभर गेले. इतर तंत्रांत चक्रांची संख्या, जागा आणि दले वेगळी आहेत. हा मतभेद जुन्या आचार्यांना अडचणीचा वाटला नाही, कारण चक्र ही शरीरात सापडणारी वस्तू आहे असा त्यांचा दावा मुळात नव्हता. मंत्र, देवता आणि तत्त्वे जेथे ठेवायची त्या या भावनेच्या जागा आहेत. तेव्हा चक्रांना ग्रंथींची नावे देऊन 'विज्ञानाने सिद्ध झाले' म्हणणारी व्याख्याने शांतपणे ऐकून सोडून द्यावीत.

१०. आमच्या घरात वारी आहे, गळ्यात माळ आहे. या वाटेला गेलो तर माळेला बाध येईल का?

लोणंद-फलटण भागातून हा प्रश्न हमखास येतो. मद्य-मांस असलेला कोणताही आचार माळकऱ्याला वर्ज्य आहे, त्याबद्दल शंका नाही. विचाराच्या बाजूने मात्र माळकरी या विषयाला परका नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउलींनी आपली परंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी सांगितली आहे, आणि सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन करताना 'पिंडें पिंडाचा ग्रासु' हा नाथांचा संकेत आहे असे स्पष्ट म्हटले आहे. तेथेच पुढे पृथ्वी पाण्यात विरते, पाणी तेजात जिरते, तेज वायूत हरवते आणि वायू गगनात मिळतो, असा क्रम येतो. प्रश्न ५ मधील भूतशुद्धीशेजारी तो ठेवून वाचावा. तोच जिना आहे, फक्त तेथे तो पूजेची पूर्वतयारी म्हणून न येता योग्याच्या शरीरात प्रत्यक्ष घडणारी घटना म्हणून येतो. अमृतानुभवात तर शिवसूत्रांतील 'ज्ञानं बन्धः' या सूत्राचा नाव घेऊन उल्लेख आहे.

आपल्या भूगोलातही ही परंपरा आहे. वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगड आहे, बत्तीस शिराळ्यात गोरक्षनाथांचे मंदिर आहे. ज्या मत्स्येंद्रांच्या नावाचा गड आपण एसटीच्या खिडकीतून पाहतो, त्या मच्छंदाला अभिनवगुप्ताने काश्मीरमध्ये आपल्या तंत्रालोक या ग्रंथाच्या आरंभी वंदन केले आहे.

११. जतकडे आमच्या घरी इष्टलिंग पूजा आहे. ती यातच मोडते का?

शैव आगमांशी नाते आहे; पण वीरशैव-लिंगायत परंपरेची षट्स्थलाची (साधनेच्या सहा पायऱ्यांची) मांडणी स्वतंत्र आहे आणि तिला तंत्राच्या पोटात टाकणे आम्हाला योग्य वाटत नाही. देहाच्या बाबतीत बसवण्णांचे एक वचन सर्वांना ठाऊक आहे: श्रीमंत लोक देवळे बांधतील, माझे पाय खांब, देह देऊळ आणि डोके सोन्याचा कळस. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्यावर दृष्टी स्थिर करणाऱ्याला प्रश्न ६ मधले हात मंत्रमय करणे परके वाटणार नाही.

१२. स्मशानसाधना, शवसाधना, पंचमकार यांचा देहभावाशी काय संबंध?

कुलार्णव तंत्रात जीवाला बांधणारे आठ पाश मोजले आहेत: घृणा, शंका, भय, लज्जा, जुगुप्सा, कुल, शील आणि जाती. ही यादी नीट पाहिली तर लक्षात येते, की देहभाव म्हणजे केवळ हाडामांसाशी तादात्म्य, एवढे मर्यादित या आचार्यांनी धरलेले नाही. कशाची किळस येते, कोणाच्या हातचे पाणी चालत नाही, कोणत्या घराण्याचा अभिमान वाटतो, हे सर्व शरीराला चिकटवलेलेच आहे. मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा (येथे भाजलेले धान्य) आणि मैथुन या पंचमकारांचा वापर असो की स्मशानात बसणे असो, या पाशांना थेट धक्का देणे हा त्यामागील हेतू होता. प्रेतावर बसून जप करणाऱ्याला स्वतःचे शरीर आणि खालचे शरीर यांत फरक कशाचा, या प्रश्नापासून पळता येत नाही.

परंतु हा आचार वीरभावाच्या, म्हणजे भय आणि घृणा जिंकलेल्या, साधकासाठीच, गुरूच्या देखरेखीखाली सांगितला आहे, आणि मद्य पिऊन सिद्धी मिळत असती तर सगळे दारुडे सिद्ध झाले असते, असा टोला कुलार्णवानेच मारून ठेवला आहे. दक्षिणाचारात मद्याऐवजी काशाच्या भांड्यातील नारळाचे पाणी असे पर्याय वापरतात आणि समयाचारात सर्व पूजा मनातच होते. शवाचा विचार करायचा असल्यास गृहस्थाला शवासन पुरेसे आहे. प्रेताशी संबंधित कोणताही प्रयोग आज कायद्याच्या कचाट्यात येतो, हे वेगळे सांगायला नको.

१३. दीक्षा घेतल्यावर जात राहते का?

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून मोकळेपणाने उत्तर देतो. ग्रंथांत दोन्ही मते आहेत. स्वच्छंदतंत्रात दीक्षितांनी एकाच पंगतीत बसावे आणि कोणाच्याही आधीच्या जातीचा उच्चार करू नये, केल्यास प्रायश्चित्त घ्यावे, असे सांगितले आहे. शैवसिद्धान्ताच्या पद्धतींनी मात्र दीक्षेनंतरही वर्णभेद पाळण्याची सोय ठेवली. पहिल्या मताचा तर्क सरळ आहे: पंचमहाभूते विरवून नवे शरीर घडवले असेल, तर जुन्या शरीराचे आडनाव त्याला कोठून लागणार? सकाळी भूतशुद्धी करून दुपारी पाहुण्याची जात विचारणाऱ्याने विधी केला, साधना केली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१४. मासिक पाळीत किंवा आजारपणात, अंथरुणाला खिळलेले असताना साधना बंद ठेवायची का? हात नसेल तर न्यास कसा करायचा?

पाळीबाबत घराण्याघराण्यांचे आचार वेगळे आहेत. स्मार्त वळणाच्या घरांत बाह्यपूजा थांबवतात. शाक्त कौल परंपरेत (देवीउपासनेच्या एका शाखेत) मात्र रज हे शक्तीचे द्रव्य मानले जाते आणि आसामातील कामाख्येला आषाढात अंबुबाचीच्या वेळी देवीच रजस्वला असते म्हणून मंदिर तीन दिवस बंद ठेवून मग उत्सव होतो. मानसजपाला अशा दिवसांत बाध नाही, असे बहुतेक परंपरा सांगतात. आपल्याला दीक्षा जेथून मिळाली, तेथील आचार पाळावा. दीक्षा नसेल तर निर्णय ज्या बाईला पाळी आली आहे तिने घ्यावा, घरातल्या इतरांनी नव्हे.

आजारपणात आणि अपंगत्वात न्यास मनानेच करावा. अंतर्यागात, म्हणजे मनातल्या पूजेत, सर्व उपचार भावनेचे असतात आणि शास्त्राने त्याला कमी मानलेले नाही. गमावलेल्या हाताच्या जागीही मंत्र ठेवता येतो. मंत्राला मांस लागत नाही.

१५. ध्यान सुरू केल्यापासून शरीर माझे नाहीच असे वाटते, आरशातला चेहरा परका वाटतो. ही प्रगती आहे का?

ती प्रगती आहे असे गृहीत धरू नये. साधनेतला देहभावाचा सैलपणा साधारणपणे धारणेपुरता येतो, त्यात भीती नसते आणि उठल्यावर माणूस घरकामात, व्यवहारात पहिल्यासारखा किंवा अधिक चांगला असतो. परकेपणा दिवसभर टिकत असेल, घाबरायला होत असेल, झोप उडाली असेल, आपण खरे आहोत की नाही असे वाटत असेल, आवाज ऐकू येत असतील किंवा जगण्यातला रस जाऊन मरणाचे विचार येत असतील, तर साधना त्वरित थांबवावी आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. अतिताण, जुना आघात, नैराश्य यांतही अशी लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार आहेत. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी उपलब्ध असतो. 'कुंडलिनी जागी झाली आहे, औषध घेऊ नका' असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

आणखी एक. देह सोडून बाहेर जाता येते का, समाधी घेता येते का, असे विचारणारी पत्रे येतात. योगसूत्रांत परशरीरावेशाची सिद्धी सांगितली आहे आणि काही शैव तंत्रांत उत्क्रांतीचा, म्हणजे मंत्राने प्राण ब्रह्मरंध्रातून बाहेर नेण्याचा विधीही आहे. पण तंत्रालोकात त्याच विधीवर आक्षेप येतो: देव जर सर्वत्र आहे, तर देहातून निघून जायचे कोठे? देहात राहून न सापडलेली गोष्ट देहाबाहेर ठेवलेली नाही, ही अद्वैती शैवांची भूमिका आहे आणि जीवन्मुक्ती, म्हणजे देहात असतानाच मुक्ती, हेच त्यांचे ध्येय आहे. अशा पत्रामागे थकवा किंवा निराशा दिसली, तर आम्ही ग्रंथांचा पाढा न वाचता वरचा क्रमांकच पाठवतो.

१६. एक महाराज 'देहशुद्धी करून देतो, पूर्वजन्मीचे दोष काढतो' म्हणून मोठी रक्कम मागतात. कसे पारखावे?

दीक्षेत दक्षिणा असते, परंतु ती शिष्याच्या ऐपतीप्रमाणे आणि स्वेच्छेने दिली जाते. आधी दर ठरवणे, 'नाही केले तर घरातले माणूस जाईल' अशी भीती घालणे, एकटे भेटायला बोलावणे, स्त्रियांना देहाशी संबंधित विधींसाठी आग्रह करणे, डॉक्टरांची औषधे बंद करायला लावणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तरी तेथून उठावे. कौल परंपरेचे नाव सांगून लैंगिक संबंधांची मागणी करणारा माणूस तांत्रिक आहे की नाही, याची चर्चा करत बसू नये. तो गुन्हेगार आहे.

महाराष्ट्रात नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम २०१३ पासून लागू आहे. त्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे होते, हे येथील वाचकांना सांगण्याची गरज नाही. अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणे, दहशत घालणे, लैंगिक शोषण करणे अशी कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास व ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी आहे. देवपूजा, जप, वारी, प्रवचन, न्यास किंवा भूतशुद्धी करणे या कायद्याने गुन्हा ठरत नाही. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. या कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, त्यांची भेट मागावी. पैसे दिले असतील तर पावती, बँकेचे तपशील आणि मोबाईलवरचे संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत.